मावशीची सही आणि डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या मावशीच्या सहीशिवाय आमच्या स्टुडिओतून एकही रेकॉर्डिंग बाहेर पडत नाही. वादक वाजवून घरी जातात, रेकॉर्डिस्ट आपलं काम संपवतात, मग शेवटी मावशी सगळं ऐकते आणि कागदावर ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहून सही ठोकते. छत्तीस वर्षं हेच चाललंय. मी तिथेच यंत्रांची देखभाल करते, पण भाची म्हणून तिने मला कधी कणभर सूट दिली असेल तर शपथ.

तिचे हेडफोन जरा निराळे आहेत. नेहमीच्या हेडफोनात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. हिच्या हेडफोनात धातूच्या दोन जाळीदार चकत्यांमध्ये एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि तो विजेच्या जोरावर पुढे-मागे हलतो. त्याला शेकडो व्होल्ट देणारा खास अ‍ॅम्प्लिफायर लागतो. जुना अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या नळ्यांचा होता, दोघांनी मिळून उचलावा असा, आणि तापायचा इतका की मावशीची खोली कायम गरम. स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, ते धूड अडगळीत टाकलं आणि जेवणाच्या डब्याएवढा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला.

"हेडफोन तेच, आवाज तेवढाच, आणि टेबलावर जागा बघा किती झाली!" साहेब भलतेच खूश होते.

दुसऱ्याच आठवड्यात मावशीने नाक मुरडलं. "पियानो जोरात वाजला की बोथट होतो. झांजा तर नुसत्या फसफसतात."

"मॅडम, वयानुसार होतं असं," साहेब म्हणाले. "एकदा कान तपासून घ्या."

मावशीने ड्रॉवरमधून अहवाल काढून त्यांच्यापुढे सरकवला. "दर सहा महिन्यांनी तपासते. फार वरचे आवाज मला येत नाहीत, ते मीच तुम्हाला सांगते. हा बिघाड त्याच्या कितीतरी खाली आहे."

साहेबांनी अहवाल उघडलासुद्धा नाही. पुढच्या महिन्यापासून सही दुसऱ्या कुणाकडे द्यायची आणि मावशीने पाहुण्यांना स्टुडिओ फिरवून दाखवायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी वर्कशॉपचं दार इतक्या जोरात आपटलं की मावशी बाहेर आली.

"आदळआपट पुरे. ते धूड वर आण. आणि मीटरही आण. साहेबांनाही बोलाव."

मीटर कशाला, ते मला ठाऊक होतं. दोन यंत्रांतलं एक जरासं मोठ्याने वाजत असलं की तेच कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे आधी दोघांचा आवाज नेमका सारखा करावा लागतो. तो केला. मावशी आमच्याकडे पाठ करून बसली. कुठल्या वेळी कोणता अ‍ॅम्प्लिफायर, ते साहेबांनी कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. मी प्रत्येक वेळी आवाज शून्यावर आणून प्लग काढत होते, पुन्हा तोच लावायचा असला तरीही, म्हणजे खटक्यावरून तिला काही कळू नये.

पहिल्यांदा हळुवार बासरी लावली.

"काही फरक नाही," मावशी म्हणाली.

साहेब गालातल्या गालात हसले. मी मनात म्हटलं, बाई, निदान अंदाजाने तरी काहीतरी सांग!

"हळू आवाजात डबा उत्तम आहे," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हटलं? आता पियानो आणि झांजा. रोज ऐकते तेवढ्या आवाजात."

दहा वेळा लावलं. दहाच्या दहा बरोबर.

"पडदा जोरात हलवायला व्होल्ट जास्त लागतात," तिने खुर्ची वळवली. "आणि स्वर जेवढा उंच, तेवढा करंटही जास्त. दोन्ही एकदम मागितले की डब्याचा दम संपतो. माझा नाही."

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण माणूस सरळ निघाला. "मॅडम, सही तुमचीच."

मी आनंदाने चहा सांगायला निघाले. मावशी मात्र रजिस्टर चाळत बसली होती.

"त्या डब्यावर मी सतरा रेकॉर्डिंगं पास केली आहेत. सोमवारी बाहेर जायची आहेत ना? लाव सगळी. या जुन्यावर."

पहिली दोन स्वच्छ होती. तिसऱ्यात पियानो जोरात आला तिथे मावशीने हात वर केला. पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"इथे तर रेकॉर्डिंगच बोथट आहे. तेव्हाही मला ऐकू आलं होतं गं. पण डब्याचाच दोष म्हणून सोडून दिलं."

"राहू द्या हो," साहेब घाईने म्हणाले. "आपल्या तिघांशिवाय कुणाला कळणार आहे?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पेन उघडलं आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. असं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं. रेघेखाली तिने ‘नापास’ लिहिलं आणि त्याखाली पुन्हा सही केली.

मग हेडफोन कानांवर चढवून म्हणाली, "चौथं लाव."