पंपाचा दांडा

शेजारच्या गृहस्थांनी जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवलं होतं. मिस्त्री डिझेल-पंपाचा तुटलेला दांडा, ज्याला अ‍ॅक्सिलरेटरची तार जोडलेली असते तो, बदलून डिझेल जास्त जाऊ नये म्हणून सील लावी आणि हे दुसऱ्याच दिवशी सील तोडून डिझेल वाढवत. "मिस्त्रीले का समजते गा? गाडी दबून राहिली!" मग काळा धूर निघे, दांडा पुन्हा तुटे. माझं डोकं उठे.

आईच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा तिला कन्हानहून नागपूरला न्यायला त्यांचीच जीप मिळाली. पुलावर दांडा तुटला. त्यांनी बॉनेट काढलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि मडगार्डवर बसून, तापलेल्या इंजिनात हात घालून, दांड्याचं उरलेलं टोक ओढत इस्पितळापर्यंत पंप हाताने चालवला.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले.

बाहेर हे पोळलेल्या हातावर फुंकर घालत होते. "पुलापासून कशी पळाली, पाह्यलं का गा?"

ओठांवर आलेली शिवी गिळून मी मलम आणायला गेलो.