काकूंच्या हातचा लेमन पाय

काका बशी माझ्यासमोर ठेवायचे आणि मी चमचा उचलला की चष्मा काढून हातात धरायचे. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा धड दिसत नसे. तेच त्यांना हवं असायचं.

"तोंडावर जाऊ नये माणसाच्या," म्हणायचे. "तू बोल. खरं सांग हं."

मी खरं सांगायची. "नाही काका. तसा नाही झाला."

मग चष्मा परत डोळ्यांवर. "बरं. पुढच्या रविवारी."

सिडकोत आमची आणि त्यांची रो-हाऊस भिंतीला भिंत लागून. काका अंबडच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, मूळचे देवळ्याकडचे. काकू देवळाली कॅम्पातल्या. त्यांचे वडील तिथे एका पारशी म्हातारीच्या बंगल्यावर माळी होते आणि त्या बाईंनी काकूंना लहानपणी हा लेमन पाय शिकवला होता. आमच्या लाइनीत सगळे त्याला लिंबाचा केकच म्हणायचे. काकू चिडायच्या. "केक नाही गं बायांनो, पाय म्हणा, पाय!"

ओव्हन कुणाकडे होता तेव्हा? मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची. मैद्यात लोणी चोळून ते ॲल्युमिनियमच्या ताटलीत थापायचं. अंगणातल्या झाडाची लिंबं, त्यांची साल किसून, रस, साखर, अंड्याचा पिवळा बलक असं सगळं शिजवून घट्ट करायचं आणि त्यात ओतायचं. पांढऱ्याचा फेस काट्याने फेटून वर डोंगरासारखा रचायचा. ताटली वाळूवर ठेवायची, झाकण घालायचं आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. काकू पदराने झाकण उचलून सारखं बघायच्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. वडील वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करायची. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा वडिलांना पेढे आणायला सुचलंच नाही, ते नुसते दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पाय घेऊन आल्या त्या काकू. अख्खी ताटली. "हिचा पहिला तुकडा," म्हणाल्या, आणि आईच्याही आधी मला भरवला.

काकू गेल्या त्या अचानक, दुपारच्या झोपेतच. मूलबाळ नव्हतं. काका काही दिवस अंगणात लिंबाखाली नुसते बसून असायचे. मग एके दिवशी टेंपो आला आणि त्यातून ओव्हन उतरला. चांगला मोठा, काचेच्या दाराचा.

आई हळूच मला म्हणाली, "आता कोणासाठी गं?"

काकांनी ऐकलं. "दर दिवाळीला मागायची ती," म्हणाले. "मी म्हणायचो, घेऊ. घाई काय हे? घेऊ."

तेव्हापासून रविवार सुरू झाले. काकूंचा पाय खाऊन मोठं झालेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चाखायला मी. काकांचं सगळं काम फिटरचं. मैद्याचा थर ते पट्टीने मोजायचे. ताटली कलली तर तिच्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवायचे. पहिला पाय असा झाला की सुरी लावली आणि सगळा रस टेबलावर.

"हे सरबत झालं, काका."

"हसू नको. बी.ए. झाली ना तू? मग सांग, काय चुकलं?"

"बी.ए.ला पाय नव्हता आम्हाला."

"मग काय उपयोग त्या डिग्रीचा!" असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसायचे. नंतर नंतर पाय सुंदर व्हायला लागला. एकसारखा सोनेरी, कडा सरळ, बेकरीच्या काचेत ठेवावा असा. आई मिटक्या मारत खायची. पण काका चष्मा काढून बसलेले असायचे आणि मी 'नाही' म्हणायची. तुम्ही म्हणाल, एकदा खोटं बोलायचंस. त्यांना ते लगेच कळलं असतं. जीभ त्यांचीही होतीच की. ते स्वतः घास घ्यायचे, डोळे मिटून थांबायचे आणि म्हणायचे, "एकदा तिच्या हातचं तोंडात यावं. बास. मग काही नको."

मग साथ आली. काका तापातून उठले, पण वास आणि चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. चहा आणि गरम पाणी सारखंच लागायचं त्यांना. एकदा आंबलेली आमटी वाटीभर प्यायले आणि कळलंही नाही. मला वाटलं, आता रविवार संपले. पण ते लिंबं तोडतच राहिले. "हात माझे, जीभ तुझी," म्हणाले. "येईल माझीही. तोवर हात तयार पाहिजे."

त्या रविवारी मी परीक्षेच्या ड्यूटीवरून घरी येत होते आणि लाइनीच्या तोंडाशीच मला धुराचा वास आला. करवंट्यांचा. त्यात लिंबाचा. माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

अंगणात काका शेगडीपुढे उकिडवे बसलेले. काकूंचं वाळूचं पातेलं, झाकणावर निखारे.

"लाइट गेली," म्हणाले. "फेस फेटून झालेला. तो थांबतो का? बसला असता. म्हणून माळ्यावरून हे काढलं. वाळू होती तशीच हे आत."

पाय निवल्यावर त्यांनी कापला. एका बाजूने करपलेला, फेसावर राखेचा ठिपका. बशी माझ्यासमोर ठेवली. मी चमचा उचलला आणि त्यांनी चष्मा काढला नाही. उलट काचा सदऱ्याला पुसून नीट डोळ्यांवर बसवला.

"आज बघतो तुझ्याकडे," म्हणाले. "मला आता तेवढंच लागणार."

मी घास घेतला. निकालाचा दिवस, दारात उभे असलेले वडील, काकूंची बोटं. आंबट, गोड आणि मागून तो धूर. मला बोलायची गरज पडली नाही.

"तसंच शे?" काका भान सुटलं की गावाकडचं बोलायचे.

मी होकाराची मान डोलावली. त्यांनी घाईघाईने मोठा तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"गार लागतं," ते म्हणाले. "आणि मऊ. बाकी काही नाही."

आत एवढ्यात लाइट आली असावी, ओव्हनची घंटा टिंग वाजली. काकांनी तिकडे बघितलं, मग पातेल्याकडे. त्यांना कळलं ते मलाही त्याच वेळी कळलं. इतकी वर्षं ते त्या काचेच्या दारामागे शोधत होते ते या निखाऱ्यांत होतं. जीभ होती तेव्हा पातेलं माळ्यावर होतं.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. शिकलेलं माणूस, गप्प कसं बसणार? म्हटलं, "काका, म्हणजे तुम्ही तेव्हा ओव्हन घेतला नाही तेच बरं झालं. घेतला असता तर ही चव आलीच नसती."

त्यांनी चष्मा काढला.

"हात भाजायचे गं तिचे," म्हणाले. "दर वेळी. म्हणून मागायची."

त्यानंतर काकांनी पाय केला नाही. रविवारी मी गेले की चहा द्यायचे, स्वतःचा गार होऊ द्यायचे. पुढचा हिवाळा काही त्यांनी काढला नाही.

देवळ्याहून पुतण्या आला, घर कुलूपबंद केलं, ओव्हन टेंपोत चढवला. पातेलं त्याला भांडं म्हणून हवं होतं. त्यातली वाळू त्याने लिंबाच्या बुडाशी ओतली. काळी पडलेली, बारीक कोळसे मिसळलेली. आता झाडाची लिंबं तिच्यावरच पडतात. पिवळी होतात, मग तपकिरी, मग टणक. भिंतीवरून हात घातला तर मला सहज घेता येतील.