परत या म्हणाले होते

आमच्या घरात आक्का तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलायच्या. मागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग, दिवसभर नुसती खडखड. शेडच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी अंगठा ओठांशी नेला की चहा ठेवायचा, दोन बोटं कातरीसारखी हलवली की समजायचं, धागा तुटलाय. लग्न होऊन मी बार्शीहून सोलापूरला आले तेव्हा भांबावूनच गेले होते. त्या म्हणाल्या, "वरडून घसा कशाला फोडायचा? डोळं उघडं ठिवलं की समदं ऐकू येतंय."

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा गेल्यावर लेकीला, सुषमाला, घेऊन त्या माहेरी आल्या आणि माग त्यांनीच सांभाळले. मला आई नव्हती. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी वळले. माझे टाके दुखत होते म्हणून दवाखान्यात बाळाला, ओमला, कानाच्या तपासणीलाही त्याच घेऊन गेल्या. येऊन म्हणाल्या, "पास झालं गं तुझं लेकरू. उगं मनात काय आणू नगंस." मी कशाला आणते? आक्कांनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

बारशाला आत्या म्हणून ओमच्या कानात कुर्र त्यांनीच केलं. एवढ्या खडखडाटात ओम गाढ झोपायचा. मागवाल्यांचं पोर शोभतं, असं येणारे-जाणारे म्हणायचे आणि मी वेडी ते मिरवायचे. हातांनी खूण केली की तो खुदकन हसून झेपावायचा. घरात सगळेच तसं बोलत, शंका यायची कुठून? वर्ष उलटलं तरी बोलेना, तेव्हा माझा जीव वरखाली व्हायला लागला. "ह्याचा बाप तिसऱ्या वर्साला बोलला की," आक्का म्हणाल्या. त्याच सुमारास टेंभुर्णीच्या चांगल्या घरात सुषमाचं लग्न झालं.

मग एकदा वीज गेली, माग थांबले. ओम स्वयंपाकघरात पाठमोरा खेळत होता. माझ्या हातून परात पडली. मी स्वतः दचकले, तो वळला नाही. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीकडं पाहिलं, ओमकडं पाहिलंच नाही.

सात रस्त्याजवळ कानाच्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडं आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि हे कायमचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

"आमच्याच वाट्याला का आलं हे?" मी म्हणाले.

"वाटतं तितकं हे दुर्मीळ नाही हो. हजार बाळं जन्मली की त्यांत एक-दोन अशी असतात. बहुतेकांचे आईवडील व्यवस्थित ऐकणारेच असतात. म्हणून तर जन्मल्या जन्मल्या तपासायचं. पहिल्या काही महिन्यांत कानाला ऐकायचं मशीन लागलं तर बोलणं शिकायला फार सोपं जातं. तुमच्या बाळाची तपासणी नव्हती झाली?"

"झाली होती. पास झाला होता."

"परत या म्हणाले होते," आक्का मान खाली घालून म्हणाल्या. "म्हैन्यानं."

बाहेर रिक्षांच्या गोंगाटात मी त्यांचा दंड धरला. "का, आक्का?"

"सुषमाला स्थळं येत हुती. घरात बहिरं लेकरू हाय म्हटल्यावर कोण करून घेनार तिला? वाटलं, लगीन हुईस्तवर गप बसावं. मग सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाय."

मला रडूसुद्धा आलं नाही. परकं कुणी असतं तर कडाकडा भांडले असते. आईच्या जागी मानलेल्या बाईनं माझ्या लेकराचे दिवस आपल्या लेकीसाठी वापरून टाकले होते.

ओमला आता मशीन आहे. "आई" म्हणतो, तेही अर्धवट. आक्का दिसल्या की मात्र त्याचे हात भरभर बोलायला लागतात, आणि मला ते बघवत नाही.

गेल्या महिन्यात सुषमाला मुलगी झाली. भेटायला गेले तर ती कौतुकानं सांगू लागली, "मामी, हिच्या कानाच्या तपासणीला महिन्यानं परत या म्हणाले. आई ऐकेचना! डॉक्टरांना म्हणाली, लेकराचा एक दिवस बी वाया जाता कामा न्हाय, पुण्याला न्यायचं तर आत्ता न्हेते. शेवटी मोठी तपासणी लगेच करून घेतली. सगळं ठीक निघालं बघा."

ओमच्या तपासणीचं सुषमाला काहीच माहीत नव्हतं. मी "बरं झालं" म्हणाले.

खोलीच्या पलीकडच्या टोकाला आक्का नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा ओठांशी नेऊन विचारलं, चहा?

मला दिसलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.