पाच फूट दहा इंच

मालन तावडेला कुणी उंची विचारली की ती पाच-आठ सांगायची. खरी उंची पाच फूट दहा इंच होती. दोन इंच खाऊन टाकायची सवय तिला अकरावीत लागली आणि मान खाली घालून, खांदे पाडून चालायची सवय त्याच्याही आधी. विक्रोळीच्या डोंगरउतारावर त्यांची चाळ. दाराची चौकट बुटकी, त्यामुळे घरात शिरतानाही वाकावंच लागे.

वडील गुणाजी लालबागच्या गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली आणि ते विक्रोळीतल्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. आई द्रौपदीला मात्र मालनच्या लग्नाची काळजी. शेजारणीशी बोलताना ती मालनकडे हात करून म्हणायची, "ह्या चेडवाक घोव खयसून मेळतलो? ताडाचा झाड झालासा नुसता!" आई हे हसत हसत म्हणायची, पण म्हणायची रोज.

चौऱ्याऐंशी साली मालन मुलुंडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली. बसने जायची, तास झाले की बसने परत. एका दुपारी मैदानाच्या कडेने निघाली होती, तेव्हा बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर पाच-सहा मुली वर बघत उभ्या होत्या. चेंडू रिंग आणि बोर्डाच्या मध्ये अडकला होता. एक जण चप्पल फेकत होती, ती बोर्डाला लागून तिच्याच डोक्यावर पडत होती. मालनने दोन मिनिटं बघितलं, मग आत जाऊन हातातली छत्री उलटी धरली, एक उडी मारली आणि छत्रीच्या मुठीने चेंडू खाली पाडला.

ती वळली तर समोर प्रधान सर. सकाळी नोकरी आणि दुपारी शाळा-कॉलेजातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवणं, असा त्या गृहस्थांचा पंधरा वर्षांचा क्रम होता.

"उंची किती?"

"पाच-आठ."

सरांनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही ठेवून पेन्सिलची रेघ मारली आणि टेप लावला. "पाच-दहा. खोटं कशाला बोललीस? उद्यापासून तीन वाजता यायचं."

"पण सर, मला खेळता येत नाही."

"ते मी विचारलंय का?"

ती गेली, ती निव्वळ नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. बायकांच्या मापात तिच्या पायाला बूट मिळेनात, म्हणून पुरुषांचे नऊ नंबरचे कॅनव्हासचे बूट घेतले. पहिल्याच आठवड्यात उजव्या हाताची दोन बोटं सुजली. चेंडू हातात यायचा आणि निसटायचा. ड्रिबल करताना तो पायावर आपटायचा. घेऊन पळाली की शिट्टी वाजायची, कारण चेंडू न आपटता ती तीन-तीन पावलं चालायची. मुली हसायच्या. एक जण म्हणाली, "खांब उभा केलाय यार सरांनी." मालनने ऐकलं आणि नेहमीसारखी मान खाली घातली.

हसली नाही ती एकटी क्षमा साठे. संघाची कप्तान, उंची जेमतेम पाच फूट. बाराव्या वर्षी ती याच सरांकडे आली होती, तेव्हा सर म्हणाले होते, "बाळ, तू खो-खोला जा." ती गेली नाही. दोन महिने कोर्टाबाहेर उभी राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. तिसऱ्या महिन्यात एक मुलगी आजारी पडली आणि सरांनी नाइलाजाने हिला आत घेतलं. त्यानंतर तिला बाहेर काढायची सोय राहिली नाही.

"उद्या सकाळी सहाला ये," क्षमा मालनला म्हणाली. "तीनला सगळे असतात. तुझं लक्ष लोकांकडेच असतं."

सहा वाजता कोर्टावर दोघीच. क्षमाने आधी चेंडू दिलाच नाही. "हात वर कर. अजून वर. आता तशीच मागेपुढे चाल." मालनचे दंड भरून आले. मग क्षमाने चेंडू दिला आणि म्हणाली, "आता हा छातीशी घे." मालनने घेतला आणि पुढच्या क्षणी तो क्षमाच्या हातात होता. तीन वेळा तेच.

"बघ गं. वर आहे तोवर चेंडू तुझा, माझ्या बापाला मिळायचा नाही. खाली आणलास की माझा. देवाने उंची दिलीय आणि तू ती वाकून वाकून माझ्याएवढी करतेस."

दोन वर्षं हे चाललं. मालन चपळ कधीच झाली नाही, पण रिंगखाली उभी राहून रिबाउंड घ्यायला, म्हणजे रिंगला लागून परत येणारा चेंडू वरच्या वर झेलायला शिकली. क्षमा गर्दीतून वाट काढायची, नेमका हवा तिथे पास द्यायची, आणि मालन वळून चेंडू टाकायची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेज दुसरं आलं. क्षमाचा पास नसता तर आपल्याला दोन बास्केटही करता आल्या नसत्या, हे मालनला नीट ठाऊक होतं.

शहाऐंशी साली एका सरकारी कार्यालयाने महिलांचा संघ काढायचं ठरवलं. खेळाडूंसाठी दोन जागा होत्या. जाहिरात क्षमानेच आणली आणि दोघींचे अर्ज स्वतःच्या हाताने भरले. चाचणी अंधेरीच्या एका मैदानावर होती. चाळीसेक मुली आल्या होत्या. सगळ्यांची आधी उंची मोजली, मग खेळायला लावलं. त्या दिवशी क्षमासारखं कुणीच खेळलं नाही. बघायला जमलेली माणसं तिच्या ड्रिबलिंगवर टाळ्या वाजवत होती. मालनने दोन सोपे चेंडू सोडले.

संध्याकाळी नावं वाचली. एक बोरिवलीची मुलगी, पाच-नऊ. दुसरी मालन तावडे.

क्षमा सरळ टेबलापाशी गेली. "साहेब, माझं काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. छान खेळतेस. पण खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही."

"मग चाचणी कशाला घेतलीत? टेप घेऊन यायचं होतं फक्त."

साहेबांनी कागद गोळा केले.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. पवई आली. मग मालन म्हणाली, "मी नाही घेत ही नोकरी."

"नाटकं करू नको. तू सोडलीस म्हणून मला मिळणार आहे का? तिसरी कुणीतरी लंबूटांग घेतील. घरी बघ जरा, आणि गप घे."

क्षमा म्हणाली ते खरंच होतं. मालनने नोकरी घेतली. गुणाजी पत्र घेऊन चाळीतल्या प्रत्येक दारात गेले, वाचता येणाऱ्यांनाही त्यांनी वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी द्रौपदी शेजारणीला म्हणाली, "उंचीवर नोकरी मेळाली गो. कोणाक खरा वाटात?" घोवाचा विषय त्या महिन्यात तरी निघाला नाही.

पण सकाळी सहाला क्षमा यायची थांबली. मालन दोनदा तिच्या घरी गेली. दोन्ही वेळा तिच्या आईने सांगितलं, बाहेर गेलीय.

दीड वर्षाने, अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, घाटकोपरच्या एका स्पर्धेत मालनच्या कार्यालयाची गाठ मुलुंडच्या क्लबशी पडली. क्लबची कप्तान क्षमा. पहिल्या पाच मिनिटांत तिने मालनच्या हातून दोनदा चेंडू काढला. दोन्ही वेळा मालनने तो खाली आणला होता. मग मात्र ती सावध झाली. हात वर ठेवून खेळली, चौदा गुण केले आणि रिंगखाली क्षमाशिवाय कुणाला फिरकू दिलं नाही. तरी क्लब तीन गुणांनी जिंकला, कारण उंच बायकांच्या पायांमधून वाट काढत क्षमा पुन्हापुन्हा आत शिरत होती आणि तिला थांबवायचं कसं, ते कार्यालयाच्या संघात कुणालाच कळेना.

साहेब मैदानाशेजारी उभे होते. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"अंधेरीला तुम्ही जिला परत पाठवलंत ना साहेब, तीच."

"असं?" ते म्हणाले. जरा विचार केल्यासारखं करून म्हणाले, "आता जागाच नाहीत." आणि खरंच पुढेही निघाल्या नाहीत.

सामना संपल्यावर दोघी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसल्या. मालनने दोन ग्लास मागवले. मग म्हणाली, "रागावली होतीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"नाही गं. पण त्या साहेबावर रागावून काय करणार? तो पुन्हा दिसणार होता थोडाच? तू दिसायचीस." क्षमाने अर्धा ग्लास एका घोटात संपवला. "आणि खोटं कशाला बोलू, तुझे दहा इंच बघितले की पोटात दुखायचं. आज नाही दुखलं."

"आज जिंकलीस म्हणून."

"म्हणूनच तर!" आणि दोघी हसल्या.

क्षमाने शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि एकोणनव्वद साली मुलुंडच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. मालन आणखी तीन मोसम खेळली, मग गुडघ्याने दगा दिला आणि ती आवक-जावक विभागात कायमची बसली. त्याच विभागातल्या नंदकुमारशी तिने लग्न केलं. तो तिच्यापेक्षा दोन इंचांनी कमी. द्रौपदीला ते पटलं नाही, पण फोटोत त्याला पायरीवर उभं करून तिने समाधान मानलं.

सुट्टीच्या दिवशी मालन क्षमाच्या शाळेत जायची, रिंगखालचा खेळ शिकवायला. मुली निवडताना दोघींचं हमखास भांडण व्हायचं. मालन एखाद्या छोट्या, चपळ पोरीसाठी हट्ट धरायची, तर क्षमा मागे उभ्या असलेल्या उंच मुलीकडे बोट दाखवायची. "आधी ती घे. ही माझ्यासारखी आहे, हिला नाही म्हटलं तरी ही उद्या येणारच. ती मात्र एकदा घरी गेली की परत यायची नाही."