गंगेचा फोडलेला गडू

आमची आई दारात आली की आजारी माणसाच्या घरचे लोक उठून उभे राहत. त्यात आदर होता, पण भीती जास्त होती. तिच्या कापडी पिशवीत काय आहे ते सगळ्यांना माहीत असे: काशीहून आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला तांब्याचा गंगेचा गडू, तुळशीची पानं आणि झाकण उचकटायला एक छोटी सुरी.

चेन्नईत तंजावरकडची आमची मराठी घरं विखुरलेली आहेत. प्रत्येक घरात गडू असतोच असं नाही. म्हणून काशीला जाणारा आईसाठी एखादा जास्तीचा आणी, आणि ते गडू आमच्या देवघरात खालच्या फळीवर ओळीनं असत. कुठल्या घरी कुणाचं शेवटचं आलं की निरोप येई. आई अंघोळ करून निघे. मोबदला कधी घेतला नाही. त्या घरी पाणीही पीत नसे.

या कामात एकच गोष्ट अवघड होती, ती म्हणजे वेळ. गडू फोडला की तो त्या माणसाचा झाला. परत बंद करता येत नाही, दुसऱ्याला चालत नाही. उशीर केला तर माणूस कोरड्या घशानं जातं. लवकर फोडला तर आपणच बोलावणं धाडल्यासारखं होतं. आई आजाऱ्याच्या पायांवर तळहात ठेवी. गारवा अंगठ्यापासून वर चढतो, असं ती सांगे. हात ठेवून झाला की कधी ती "अजून नाही" म्हणे, मग घरातलं कुणीतरी डोळे पुसत कापी, म्हणजे कॉफी, करायला आत जाई. कधी काहीच न बोलता पिशवी उघडे. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्यानंतर कुणी विचारत नसे.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती तंजावरहून इथे आली. वडील एका कंपनीत कारकून होते. मी कॉलेजात असताना ते गेले. आम्हा तीन भावंडांची शिक्षणं आणि लग्नं तिनं पार पाडली. रामनवमीचा स्वयंपाक, मुलींना श्लोक शिकवणं, बाळंतिणीकडे डबा पोचवणं, सगळं केलं. देवावर तिचा विश्वास होता, पण देवाशी ती फार बोलत बसत नसे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती पिशवी. लग्नकार्यात ती पंगतीत बसली की म्हाताऱ्या बायका पाय पदराखाली ओढून घेत.

"अग, आज जेवायला आलेय की," ती म्हणे.

बायका हसत, पण पाय बाहेर काढत नसत.

मी अंबत्तूरला एका लहान कारखान्यात तयार भागांची मापं तपासतो. मोजायचं साधन दरवर्षी तपासून घ्यावं लागतं, नाहीतर त्यानं दिलेल्या आकड्याला अर्थ नसतो. आईच्या हाताच्या बाबतीत हे माझ्या कधी मनात आलं नाही. तो कधी चुकलाच नव्हता.

गेल्या वर्षी निरोप आला तो आईच्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीच्या घरून. दोघी तंजावरच्या एकाच रस्त्यावरच्या. आई तिला अक्का म्हणते, म्हणून आम्हीही. तिला न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलातून घरी आणली होती आणि दोन दिवस ती डोळे उघडत नव्हती. मी आईला घेऊन गेलो. तिनं अक्काच्या पायांवर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तसाच ठेवला. मग उजवा काढून डावा ठेवला. हात बदलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. आईनं पिशवी उघडली, गडू फोडला आणि तुळशीच्या पानानं अक्काच्या तोंडात पाणी सोडलं. सून भिंतीला धरून खाली बसली.

अक्का गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. ताप उतरला. उशाशी उघडा गडू दिसला तेव्हा तिनं सुनेला विचारलं की हा कुणी फोडला. सुनेनं खरं ते सांगितलं. त्या वेळेपासून अक्कानं तोंड मिटलं. औषध नाही, तांदळाची कंजी नाही. तिचा हात चुकत नाही, एवढंच बोलली आणि भिंतीकडे वळली.

तिच्या मुलाचा मला फोन आला. छाती साफ झालीय, आजार उरलेला नाही, पण अशीच राहिली तर आठवडाही काढणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"तुमच्या आईंनी दिलंय, त्यांनाच परत घ्यायला सांगा," तो म्हणाला.

आईला हे सांगितलं तेव्हा ती ओट्यावरून कापीचा स्टीलचा टंबलर उचलत होती. कापी नुकतीच उकळून ओतलेली होती. काठाला न धरता तिनं सगळ्या बोटांनी टंबलर धरला आणि तसाच धरून माझं बोलणं पूर्ण ऐकलं. मी तो तिच्या हातातून काढून घेतला तेव्हा मला चटका बसला. तिची बोटं लाल झाली होती. तिला काही कळलं नव्हतं.

त्याच सकाळी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचली, गरम आणि गार नळी लावली. साखरेनं हातापायांच्या नसा गेल्यात, ते म्हणाले, आणि हे एका दिवसात झालेलं नाही. परतताना आई गाडीत अंगठ्यानं बोटांची टोकं चोळत बसली होती.

"मग मी अक्काच्या पायाला लावलं काय?" तिनं विचारलं.

सिग्नल लागला तशी मी गाडी थांबवली.

"गाडी तिकडे घे."

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा आत गेला होता. आईनं तिला सगळं सांगितलं. हात मेलाय, मला गरम-गार कळत नाही, मी चुकले. अक्कानं मान वळवली नाही.

"समजूत घालायला आलीस," ती म्हणाली. "तुला कधी जमलं नाही ते."

आई स्वयंपाकघरात गेली. सुनेनं कंजी शिजवून नुकतीच उतरवली होती. आईनं ते भांडं पक्कडीशिवाय दोन्ही हातांत उचललं, आणून अक्काच्या डोळ्यांसमोर धरलं आणि उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. सून ओरडली. मी पुढे झालो तर आईनं मला नजरेनं थांबवलं. अक्का आधी तिच्या हातांकडे आणि मग तोंडाकडे बघत राहिली. तोंडावर काहीच नव्हतं.

"ठेव ते खाली," अक्का शेवटी म्हणाली. "मूर्ख आहेस."

भांडं ठेवताना आईच्या तळव्याची कातडी त्याला चिकटून आली. मग तिनं उशाशी ठेवलेला गडू घेतला, त्यातलं घोटभर पाणी प्यायली आणि गडू पिशवीत ठेवला.

"फोडलेला गडू कुणाचा तरी असतोच," ती म्हणाली. "हा माझा."

अक्कानं पिशवीकडे पाहिलं. मग सुनेकडे वळली.

"ती कंजी जरा निवू दे. माझी जीभ अजून जिती आहे."

आईचे तळवे बरे व्हायला खूप दिवस लागले. तिनं बाकीचे बंद गडू दुसऱ्या घरी देऊन टाकले. आता निरोप येत नाही. अक्का बरी आहे आणि फोनवर आईशी भांडते. देवघरातल्या त्या फळीवर एकच गडू आहे, वर वाटी झाकलेला. कुणी हात लावत नाही, तरी पाणी थोडं थोडं कमी होतंय.

रोज सकाळी अंघोळ झाली की आई खुर्चीत बसून माझ्यापुढे पाय करते. तिच्या पायांनाही कळत नाही, म्हणून माझा हात लागतो. मी खोटं सांगणार नाही, हे तिला माहीत आहे. या शहरात डिसेंबरातही फरशी कोमट असते, पण तिचे अंगठे या महिन्यात गार लागतात. मी तसं सांगितलं. रक्ताभिसरण, असं डॉक्टर म्हणतात.

"आणि टाचा?" ती विचारते.

"गरम आहेत."

"मग अजून नाही. कापी दे."

आज सकाळी टाचेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उजवा काढून डावा ठेवला. मान वर केली तेव्हा ती माझ्या हातांकडे बघत होती.