गिरणीवरचं सोलर

लाईट जाते तेव्हा छपरावरच्या सोलरनंही बंद पडायचं असतं. नाहीतर ती वीज उलटी बाहेरच्या तारेत शिरते, आणि तार बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस जिवानिशी जातो. तपासणी अर्ध्या मिनिटाची. मेन स्विच पाडायचा आणि सोलरचा इन्व्हर्टर बंद पडतो का ते बघायचं. आता परदेशातले इंजिनिअरही माझ्याकडून हे ऑनलाइन शिकतात. मी फार छान शिकवते.

सिन्नरजवळच्या एका गावात पिठाच्या गिरणीवर सोलर बसलं. वीज कंपनीची इंजिनिअर म्हणून मंजुरीची सही माझी. मी स्विचकडे हात नेला तसा गिरणीवाला म्हणाला, "मॅडम, आत्ता नका पाडू. दळण अर्धं राहील, बाया लय वेळच्या खोळंबल्यात." डबे घेतलेल्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. मला चांगुलपणाची हौस आली. न तपासताच सही ठोकून मोकळी झाले.

पुढच्या महिन्यात, भर उन्हात, गावच्या वायरमननी डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, खटका पाडला, खांबावर चढले आणि तारेला हात घातला. नोकरीत नवी असताना मला खांबावर चढायला यांनीच शिकवलं होतं. ते वाचले, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. आरडाओरड झाली तेव्हा लोकांनी धावत जाऊन दिसेल तो खटका पाडला होता, त्यामुळे डीपी आधी पाडलेली होती की नाही, हे कळायला मार्ग उरला नाही. चौकशीत लिहिलं गेलं, वायरमन डीपी पाडायला विसरला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गिरणीत गेले आणि मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर चालूच राहिला. तो मी गुपचूप बदलायला लावला आणि तोंडाला कुलूप घातलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही.

दवाखान्यात त्यांनी मला एकच विचारलं होतं. "मॅडम, डीपी मी पाडली व्हती. तुम्हाला तरी पटतं ना?"

"आराम करा," मी म्हणाले.

दर दसऱ्याला ते एसटीनं नाशिकला माझ्याकडे सोनं द्यायला येतात. यंदा चहा पिता पिता म्हणाले, "इतकी वर्सं समदे म्हणतात, तर मीच इसरलो आसंल. उगं तुम्हाला इचारून तरास दिला."

मग त्यांनी आपट्याची पानं पुढे केली.

"डावा हात हाय, मॅडम. राग मानू नका."

मी दोन्ही हात पुढे केले.