बोललं नाही ते केलं नाही

आमच्या रविवारच्या खेळाचा एकच पक्का नियम होता आणि तो मी केलेला होता: बोललं नाही ते केलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, मूळची कोकणातली, आणि राग माझ्या नाकावर कायम तयार असतो. त्यामुळे नियम मोडायची सहसा कुणाची टाप नसे.

खेळ आणला तो आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तरुण बाईंनी. त्या इथल्याच, सिल्वासात वाढलेल्या. एका वाक्यात तीन भाषा बोलतात आणि चौथीत हसतात. टोकरखाड्यातल्या आमच्या क्वार्टरमध्ये जेवणं उरकली की टेबल पुसायचं आणि बसायचं. एकाने प्रसंग सांगायचा. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रसंग सांगण्याचं काम अर्थातच माझं. सुरंगीकडचं जंगल मला आवडतं, म्हणून आमच्या गुहा, विहिरी, राक्षस सगळे त्याच बाजूला राहायला होते.

माणूस कसा आहे हे त्याचं पात्र दार कसं उघडतं त्यावरून कळतं, असं माझं ठाम मत झालं आहे. विज्ञानाच्या बाई दार कधी नुसतं उघडायच्याच नाहीत. "मी हवेत गिरकी घेते, केस आमथी तेम उडतात, और फिर एक लाथ!" आमचे हे प्रशासनाच्या कचेरीत आहेत. त्यांचा योद्धा दारापाशी थांबून म्हणायचा, "सर्वांची हरकत नसल्यास मी आत जाण्याचा विचार करतो." तोवर राक्षस म्हातारा व्हायचा.

आणि चौथे होते फिटरभाऊ. सुताच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. नंदुरबारकडचे, किलवणीला एका खोलीत पाच जणांत राहायचे. एकदा आमचा पंखा दुरुस्त करायला आले होते. आमचा खेळ शिडीवर उभं राहून पाऊण तास बघितला आणि पुढच्या रविवारी स्वतःच खुर्ची ओढून बसले. त्यांचं वर्णन म्हणजे, "जातो. बघतो. येतो." बस्स.

"कसे जाता? दबकत? धावत?" मी विचारायची.

"पायानं जातो ना, मॅडम."

मी हात टेकले होते. वर्गात अशा उत्तराला मी अर्धा गुणही दिला नसता.

एका रविवारी त्यांचं पात्र एका अंधाऱ्या विहिरीपाशी आलं. "उतरतो," ते म्हणाले. मी फासा टाकायला सांगितला नाही. थंडपणे जाहीर केलं की पात्र विहिरीत पडलं आणि मेलं.

"मेलं? कसं काय?"

"दोर बांधला म्हणाला नाहीत."

"दोर त बांधतोच ना, मॅडम! बिनदोराचं कोणी उतरतं का? त्यात काय सांगाचं?"

"बोललं नाही ते केलं नाही," मी म्हटलं आणि वर जिंकल्यासारखी हसलेही.

नेहमी हसून सोडून देणारा हा माणूस लाल झाला. फासा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "हेच," ते म्हणाले. "मागच्या टायमाला हेच झालं."

मग कळलं. शिफ्ट इनचार्जच्या जागेसाठी त्यांची तोंडी परीक्षा झाली होती. साहेबांनी विचारलं, मशीन अडकलं तर काय कराल? फिटरभाऊ म्हणाले, कव्हर खोलतो, अडकलेलं सूत काढतो, चालू करतो. मेन स्विच बंद करतो हे म्हणालेच नाहीत, म्हणून नापास. चौदा वर्षांत मेन बंद केल्याशिवाय त्यांनी कव्हरला हात लावला नव्हता. इनचार्जला कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर मिळते. बायको आणि सहा वर्षांची लेक गावी होती. परीक्षा तीन आठवड्यांनी पुन्हा होती, आणि ती शेवटची होती.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायची मला सवय नाही, कामाला लागायची आहे. "गुहा बंद," मी म्हटलं. "पुढचे तीन रविवार मी मशीन आहे."

आमचे हे साहेब झाले. त्या भूमिकेसाठी त्यांना काही वेगळं करावं लागलं नाही. विज्ञानाच्या बाई घाईतला कामगार झाल्या, "जल्दी करो ने, भाई!" म्हणत मध्ये मध्ये लुडबुडायच्या. मी अडकायची, घरघरायची आणि दर वाक्यावर विचारायची, "कसं?" पहिल्या रविवारी फिटरभाऊंचा नुसता मेन बंद करेपर्यंत चहा गार झाला. दुसऱ्या रविवारी ते मेनला लावायच्या कुलपापर्यंत पोचले. तिसऱ्या रविवारी गाडी सुसाट सुटली.

"मेन बंद करतो. त्याले कुलूप लावतो. चावी माझ्या खिशात. मंग सूत काढतो. चालू कराच्या आधी मशीनच्या मागं जातो, वाकून बघतो, जोरात ओरडतो, कोणाचा हात आत आहे का रे?"

"मागच्या रविवारी मी लिहून घेतलेल्या तुमच्या यादीत हे शेवटचं नाही," आमचे हे कागद बघत म्हणाले. "हे कशासाठी?"

फिटरभाऊंनी डावा हात टेबलावर ठेवला. करंगळीशेजारचं बोट एका पेराने कमी होतं.

"जुन्या कंपनीत. मी मागं होतो. पुढच्यानं बंद केलं होतं, कुलूप नव्हतं लावलं. तिसरा आला, त्यानं चालू केलं. त्याले कोणी बोललंच नाई की मी आत आहे."

तो हात मी सात महिने दर रविवारी फासा टाकताना बघत होते. कसे जाता, कसे बघता, पाय आधी कुठला टाकता, सगळं विचारलं होतं. बोटाचं कधी विचारलं नव्हतं. मी चहा करायला उठले आणि स्वयंपाकघरात गरजेपेक्षा बराच जास्त वेळ थांबले. स्वतःचाच भयंकर राग आला होता.

परीक्षेनंतरच्या रविवारी ते गाठियांचा पुडा घेऊन आले आणि खुर्चीत बसले.

"काय झालं?" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"सांगतो ना. मी दरवाज्यापाशी उभा राहतो. बूट पुसतो. उजव्या हातानं दरवाजा ढकलतो. पंखा कर्र वाजून राहिला, त्याले तेल पायजे, पण मी बोलत नाई..."

अख्खी पंधरा मिनिटं त्यांनी आम्हाला टांगून ठेवलं. खुर्ची कशी ओढली, साहेबांनी चष्मा कसा काढला, पाणी कसं प्यायलं. विज्ञानाच्या बाईंनी शेवटी त्यांना उशी फेकून मारली, तेव्हा म्हणाले, "दिवाळीनंतर क्वार्टर भेटते. लेकीचं नाव तुमच्याच शाळेत टाकतो."

गाठिया संपल्यावर आम्ही गुहेत परतलो. त्यांचं नवं पात्र, तीच विहीर.

"उतरतो," फिटरभाऊ म्हणाले. बस्स.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचे हे हळूच म्हणाले, "नियम?"

"नियम माझा आहे," मी म्हटलं. "दोर बांधलेला आहे, भाऊ. उतरा."